जामनगर, नरारा, वेळावदर, छोटं रण: पाच दिवसांत ग्रुपचं बर्डिंग बसेल का?

शेकाट्या

नमस्कार मंडळी, माहितगारांनी जरा मदत करा.

आमचा एक पक्षी बघणाऱ्यांचा ग्रुप आहे, रविवारी पहाटे खाडीवर नाहीतर माळावर भटकणारा. यंदा जानेवारीत मोठी ट्रिप करायची ठरलीय, सौराष्ट्र. चौदा जण आहेत, सगळ्यात लहान कॉलेजातली मुलगी आणि सगळ्यात मोठे सत्तरी ओलांडलेले काका, मधे सगळ्या प्रकारची माणसं. दोघं मोठ्या लेन्सवाले, तिघं चौघं नुसती दुर्बीण घेऊन येणारे, दोघी तर पहिल्यांदाच येतायत, त्यांना टिटवी सोडून फारसं काही ओळखता येत नाही (त्या स्वतःच असं म्हणाल्या, मी नाही).

डोक्यात आहे ते असं. मुंबईहून सौराष्ट्र मेलने जामनगर, तिथे खिजडियाचं पक्षी अभयारण्य आणि लखोटा तलाव, एक दिवस नराराचा रीफ (किनाऱ्याजवळचा पोवळ्यांचा खडक), मग वेळावदरचा गवताळ माळ, मग कच्छचं छोटं रण, अहमदाबादहून परत. प्रवास धरून सहा दिवस, म्हणजे फिरायला पाच. टेम्पो ट्रॅव्हलर तिकडेच ठरवायचा विचार आहे.

प्रश्न: १) हे सगळं बसतं का की मी हावरटपणा करतोय? २) कुठे किती वेळ ठेवू? ३) फोटोवाले आणि दुर्बीणवाले एका गाडीत भांडण न होता कसे नांदवायचे? ४) ग्रुपमधल्या एकाचं म्हणणं आहे की एवढं जातोच आहोत तर कच्छात नलियाला जाऊन माळढोक पण बघू. मला ते पटत नाहीये पण नीट मुद्दा सांगता येत नाहीये.

---

खाडीवाला

हावरटपणा आहेच, पण ते नंतर. आधी तारीख कशी ठरवताय ते सांगा. रेल्वेचं तिकीट कधी मिळतंय आणि कोणाला कधी सुट्टी आहे यावर ठरवत असाल तर थांबा. जामनगरच्या किनाऱ्यावर जायचं तर तारीख पाण्यावरून ठरवायची, बाकी सगळं त्याच्या मागनं.

नरारा म्हणजे मरीन नॅशनल पार्कचा भाग, १९८२ साली जाहीर झालेलं आपल्या देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. तिथे ओहोटीला पाणी लांबवर मागे सरतं आणि चालत रीफवर जाता येतं, ऑक्टोपस, पफर फिश, समुद्रफुलं, पोवळी सगळं पायाशी. बहुतेक टूरवाले तेवढ्यासाठीच नेतात आणि पूर्ण ओहोटीच्या वेळेला नेतात. पण पक्षी बघायचे असतील तर पूर्ण ओहोटी ही सगळ्यात वाईट वेळ, कारण चिखल मैलभर उघडा पडलेला असतो आणि पक्षी त्या सगळ्यावर पसरलेले, दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. पाणी चढायला लागलं की तेच पाणी त्यांना ढकलत ढकलत तुमच्याकडे आणतं. म्हणजे ओहोटी संपता संपता पोचायचं, रीफ बघून घ्यायचा आणि पाणी वळलं की मागे येऊन किनाऱ्याजवळ कोरड्या जागी स्कोप (तिपाईवरची मोठी एकनळी दुर्बीण) लावून बसायचं. पुढचे दोन तास तुम्ही कुठेही जायची गरज नाही, पक्षीच येतात.

आता तिथीचं गणित. अमावस्या पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप मागे जातं आणि खूप वर येतं. त्या दिवसांत भरती साधारण दुपारच्या आसपास आणि ओहोटी सकाळी लवकर, म्हणजे अख्खी सकाळ चढतं पाणी, यापेक्षा चांगलं काय पाहिजे. अष्टमीच्या सुमाराला भांगाचं पाणी, ना धड मागे जात ना धड पुढे येत, आणि ओहोटी भर दुपारी. आपल्या कोकणात कोळी लोक तिथीला तीनाने गुणून चाराने भागतात आणि भरतीची वेळ सांगतात, ते मुंबई रत्नागिरीला बऱ्यापैकी लागू पडतं, पण कच्छच्या आखातात त्यावर विसंबू नका. आखात आत निमुळतं होत जातं, ओखाकडून कांडलाकडे जाताना भरती उशिरा पोचते आणि उंचीही वाढत जाते. वाडीनार किंवा सिक्का या तिथल्या जवळच्या बंदरांचा भरतीचा तक्ता बघा, तो नसेल तर ओख्याचा बघून वर थोडा वेळ धरा.

आणि एक, हे चौदाच्या चौदा जणांना सांगा. रीफवर पाणी समोरून लाट येऊन भरत नाही, आधी तुमच्या मागच्या घळी भरतात. आपण पुढे बघत बसतो आणि परतीची वाट ओली होते. वनखात्याचा गाइड बरोबर घ्यावाच लागतो, तो चला म्हणाला की चला, "एकच फोटो" नाही. पायात बंद बूट, चपला अजिबात नको. पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाळूत पडलेला मेलेला तुकडाही उचलायचा नाही.

तिथे मुख्य बघायचा तो क्रॅब प्लोव्हर. काळा पांढरा, जाड चोचीचा, खेकडे खाणारा. वाळूत बीळ खणून त्यात एकच पांढरं अंडं घालतो, चिखलपक्ष्यांमध्ये असं करणारा हा एकटाच. घरटी तांबड्या समुद्राच्या आणि इराणच्या आखाताच्या बाजूला, आपल्याकडे मुख्यतः हिवाळ्यात. शिवाय ग्रेट नॉट, ऑयस्टरकॅचर, टेरेक सँडपायपर, रीफ हेरॉन. ग्रेट नॉट दिसला तर जरा थांबून बघा, जगात धोक्यात आलेला पक्षी आहे, चीन कोरियामधल्या पिवळ्या समुद्राच्या काठचे चिखल भराव टाकून बुजवले त्याचा फटका त्याला बसला.

---

माळटिटवी

खाडीवाला यांनी पाण्याचं सांगितलं, मी कोरड्याचं सांगते.

छोटं रण काढून टाका. शांतपणे काढा, रुसू नका. जामनगरहून वेळावदर म्हणजे राजकोट भावनगर बाजूने अर्ध्याहून जास्त दिवस गाडीत, टेम्पो ट्रॅव्हलर आणि चहाचे थांबे धरले तर जास्तच. वेळावदरहून दसाडा, झैनाबाद ही रणाच्या काठची गावं परत चार एक तास. पाच दिवसांत चार ठिकाणं केली तर तुमची मंडळी सौराष्ट्रातले धाबे उत्तम ओळखायला शिकतील. रणाची ट्रिप वेगळी करा, अहमदाबादहून दसाडा जवळ आहे, तीन दिवसांत निवांत होते, नळसरोवरही त्यात बसतं.

वेळावदरला मात्र दोन संध्याकाळी मिळतील असं बघा. काळविटांसाठी १९७६ ला राष्ट्रीय उद्यान झालं, आकाराने छोटंसं, चौतीस चौरस किलोमीटरच्या आसपास, पण आपण जातो ते भोवत्यांसाठी (हॅरियर हो, लांब पंखांचे शिकारी पक्षी). दिवसभर आजूबाजूच्या कापसाच्या शेतांवर आणि माळावर टोळ, नाकतोडे खात फिरतात आणि सूर्य कलला की गवतात जमिनीवर झोपायला एकत्र येतात. जगातल्या सगळ्यात मोठ्या अशा जागांमध्ये याचं नाव घेतलं जायचं, हजाराच्या वर पक्षी यायचे. आता संख्या कमी झालीय, माँटेग्यूचा भोवत्या तर जाणवण्याइतका कमी, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून तसंच दिसेल म्हणून जाऊ नका. तरीही सूर्य टेकल्यावर चारी बाजूंनी खालून खालून तरंगत एकेक यायला लागतो तेव्हा गाडीत कोणी बोलत नाही, हा माझा अनुभव आहे, आणि माझ्याबरोबरचे लोक खूप बोलणारे आहेत.

ओळखायचं थोडक्यात: राखाडी नर असेल आणि पंखावर वरच्या बाजूने काळी पट्टी दिसली तर माँटेग्यू, पट्टी नाही आणि एकूणच पांढुरका, फक्त पंखाच्या टोकाला काळी पाचर, तर पॅलिड. तपकिरी माद्या आणि पिल्लं यांच्यात लगेच निकाल लावू नका, पॅलिडला गालामागे फिकट कॉलर असते ती दिसली तर बोला, नाहीतर यादीत दोघांपैकी एक असं लिहून मोकळं व्हा, ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) तशी सोय आहे. दलदली भोवत्या मोठा आणि जड, तो कळतो.

तणमोर (गवतात लपून राहणारा माळावरचा दुर्मिळ पक्षी) मात्र हिवाळ्यात विसरा. मादीला दाखवायच्या नराच्या उड्या पावसाळ्यातल्या आणि पावसाळ्यात पार्क बंद. गाइडला "तणमोर दाखवा ना" म्हणून पिडू नका, तो बिचारा हो हो म्हणतो. त्यापेक्षा स्टोलिक्झका बुशचॅट विचारा, गवताळ माळावरचा खास आपला पक्षी, नर जमिनीवर अंग फुगवून एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला डोलतो. आखूड कानांचं घुबड संध्याकाळी, सोशेबल लॅपविंग नशीब असेल तर. लांडगा, तरस पण आहेत तिथे, खाली उतरायचं नाही.

राहायला वनखात्याचं काळियार भवन आहे गेटजवळच, पण खोल्या मोजक्या, चौदा जणांना एकत्र हवं तर खूप आधी बघा. आणि मोठी गाडी आत नेता येते का हे बुकिंगच्या वेळीच विचारा, नाहीतर गेटवर जिप्सी शोधत बसाल.

---

डबल_चष्मा

एक अगदी व्यवहारातला मुद्दा, जो अशा धाग्यांवर कोणी लिहीत नाही. चौदा जणांत बायका किती? मिठागरं आणि माळ ही अशी जागा आहे की दोन दोन किलोमीटर झुडूपसुद्धा नाही. मग काय होतं, बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि अकरा वाजता कोणाचं तरी डोकं चढतं. एका ट्रिपला आयोजकांना हे सुचलंच नव्हतं, शेवटी आम्हीच गाडी थांबवायला लावून पेट्रोल पंप शोधला. तेव्हा ड्रायव्हरला आदल्या दिवशी सांगून थांबे ठरवा आणि ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा, लाजत नको. एक घडीचा छोटा तंबू मिळतो कपडे बदलायचा, तो गाडीत टाकला तर दुवा देतील.

सत्तरीच्या काकांसाठी घडीचं स्टूल घ्या. नराराला त्यांनी रीफवर गेलंच पाहिजे असं नाही, निसरडं असतं, खाडीवालांनी सांगितलं तसं काठावर स्कोपपाशी बसले तर त्यांना जास्त पक्षी दिसतील. खिजडिया त्यांच्यासाठी उत्तम, सपाट बांध आहे. समुद्राचं खारं पाणी जमिनीत घुसू नये म्हणून संस्थानाच्या काळात बांधलेला, त्यामुळे एका अंगाला गोडं पाणी आणि दुसऱ्या अंगाला खाडी, मिठागरं. मान इकडून तिकडे वळवली की बदकं संपून चिखलपक्षी सुरू. महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आहे ते, २०२२ मध्ये जाहीर झालं. काळ्या मानेचा करकोचा, क्रौंच, पेलिकन, मोठी टिबुकली, सगळं एका सकाळी आरामात.

स्कोप पाच सहा जणांत एक तरी हवा. आणि पहाटेच पोचा, उन्हं तापली की मिठागरावर हवा अशी थरथरते की साठ एक्स झूम केलं तरी पक्षी पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. दहा साडेदहानंतर स्कोप बंद, सरळ जेवायला जा.

---

तोफखाना

फोटोवाल्यांच्या बाजूने कोणीतरी बोललं पाहिजे म्हणून लिहितोय 🙂

आम्ही काय शत्रू नाही हो. भांडण होतं ते एकाच कारणाने, स्कोपवाल्याला लांबूनही पक्षी दिसतो आणि आम्हाला जवळ जावं लागतं. उपाय सोपा, आधी सगळ्यांनी लांबून दहा पंधरा मिनिटं पोटभर बघायचं, मग फोटोवाले पुढे, एका रांगेत, वाकून, थांबत थांबत. पक्षी आधी खाणं थांबवून माना वर करतात, मग चालायला लागतात, मग उडतात. माना वर झाल्या की तिथेच बसायचं, पाच मिनिटांत परत खायला लागले तर ठीक, नाही लागले तर मागे. वेळावदरला तर प्रश्नच नाही, गाडीतूनच काढायचे. त्यात एक करा, दोघा लेन्सवाल्यांना एकाच बाजूच्या खिडक्या देऊ नका आणि इंजिन बंद करायला ड्रायव्हरला सांगून ठेवा.

लखोटा तलावावर पाणचिरे मिळतील, इंडियन स्किमर, शहराच्या मधोमध. बाकी देशात नद्यांच्या वाळूवर शोधावे लागतात आणि इथे लोक बाकावर बसून बघतात. कुरव (सीगल) तर इतके की लोक त्यांना गाठिया टाकतात आणि हे पक्षी डोक्यावरून घिरट्या घालतात, फोटो भारी येतात हे कबूल.

---

माळटिटवी

@तोफखाना, बाकी सगळं मान्य पण गाठियाचं कौतुक नको. तेलमीठ लावलेलं बेसन हे सायबेरिया, मध्य आशियातून आलेल्या पक्ष्याचं खाणं नाही, आणि पहिल्यांदा येणाऱ्या दोघींनी हे बघितलं तर त्यांना वाटेल की पक्षी निरीक्षण म्हणजे हेच. पाणचिऱ्यांना बघा ना, खालची चोच लांब, ती पाण्यात बुडवून पाणी चिरत जाणार, ते संध्याकाळी बघायला मिळालं तर गाठिया आठवणार पण नाही.

---

तोफखाना

अहो मी टाकत नाही, लोक टाकतात. पण हो, फोटो काढले की तेही एक प्रकारे प्रोत्साहनच, पॉइंट आहे.

---

शेकाट्या

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

छोटं रण काढतोय. घरात सांगितल्यावर दोघांनी तोंडं वाकडी केली पण गाडीतले तास मोजून दाखवले तेव्हा गप्प बसले. तारखा पौर्णिमेला धरून बघतो. म्हणजे पहिल्या दुपारी खिजडिया, दुसऱ्या सकाळी नरारा आणि संध्याकाळी लखोटा, तिसऱ्या सकाळी परत खिजडिया करून निघायचं आणि रात्रीपर्यंत वेळावदर, चौथा दिवस पूर्ण तिथे, पाचव्या सकाळी एक फेरी मारून अहमदाबाद. माळटिटवी ताई, दोन संध्याकाळी नाही जमत, एकच जमतेय.

माळढोकचं राहिलंच, कोणी सांगा ना. आणि अजून एक, आमच्याकडे लेसर सँड प्लोव्हर आणि ग्रेटर सँड प्लोव्हर या एकसारख्या दिसणाऱ्या चिखलपक्ष्यांवरून दर रविवारी वाद होतो, तिकडे तर दोन्ही ढिगाने असणार.

---

माळटिटवी

एक संध्याकाळ तर एक, पण मग तिसऱ्या दिवशीची खिजडियाची सकाळ सोडून पहाटे निघा ना. दुपारी पोचलात तर त्याच संध्याकाळी पहिली फेरी मिळते. खिजडिया तुमचं पहिल्या दुपारी झालेलं असतंच. भोवत्यांच्या झोपायच्या जागेचं असं आहे की एखाद्या दिवशी वारा वेगळा असतो, नाहीतर ते जरा लांबच्या गवतात उतरतात, आणि तुमच्याकडे दुसरा चान्स नसतो.

---

खाडीवाला

माळढोकबद्दल मित्राला एवढंच सांगा की कच्छात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माद्या उरल्यात. तिथे विजेच्या तारांवर आपटून पक्षी मेलेत, माळ गेलाय, वेडी बाभूळ घुसलीय, आणि जे उरलेत त्यांच्या माळावर चौदा माणसांची गाडी शिरायला नको. शिवाय जामनगरहून नलिया म्हणजे अख्ख्या आखाताला वळसा, नकाशावर समोर दिसतं म्हणून जवळ नाही. माळढोक बघण्याची एवढीच हौस असेल तर जैसलमेरजवळ डेझर्ट नॅशनल पार्कला जा, वनखात्याची परवानगी काढून, त्यांच्या माणसाबरोबर.

सँड प्लोव्हर. पायांचा रंग आणि एकट्या पक्ष्याचा आकार यावर वाद घालणं सोडा. चोच बघा. चोचीची लांबी आणि चोचीच्या बुंध्यापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर ताडून बघायचं, ग्रेटरची चोच लांब, जड आणि टोकाकडे निमुळती, लेसरची आखूड आणि टोकाला बोथट. दोघं शेजारी उभे असतील तर मूलही सांगेल, एकटा असेल तर फोटो काढून नंतर बघायचं. आणि ज्याला आपण लेसर म्हणतो त्याच्या आता दोन वेगळ्या जाती केल्यात, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा बहुतेक तिबेटन सँड प्लोव्हर, तेव्हा यादी भरताना जुन्या नावाने शोधत बसू नका. ग्रुपची यादी एकानेच करा आणि बाकीच्यांना शेअर करा, नाहीतर एकाच थव्याची चौदा वेळा नोंद होते आणि तपासणाऱ्याचं डोकं फिरतं.

---

डबल_चष्मा

माळटिटवींचं ऐका, पहाटे निघा. फक्त काकांना विचारून, आदल्या रात्री सामान गाडीत टाकून ठेवा.

आणि ओळखपत्र सगळ्यांचं मूळ घ्या, फोनमधला फोटो नको. समुद्राकाठचा भाग आहे, परवान्याच्या वेळी आणि वाटेतही मागतात. ड्रोन कोणी आणणार असेल तर घरीच ठेवायला सांगा.

---

शेकाट्या

ठरलं, तिसऱ्या दिवशी पहाटे निघतो. ड्रोनवाला आहे एक, त्याला आजच सांगतो. तंबूची आयडिया ग्रुपवर टाकली, पाच मिनिटांत सहा जणींनी अंगठा दाखवला, म्हणजे हा प्रश्न होताच आणि मला कोणी बोललं नव्हतं.

वाडीनारचा तक्ता बघितला. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ओहोटी सकाळी आहे, पण जामनगरहून नरारा साठ एक किलोमीटर आणि वाटेत अंधार, तर पाच वाजता निघालं तर पुरेल का?

---

खाडीवाला

पुरेल, पण नराराच्या गेटवर गाइड आणि परवाना किती वाजता मिळतो ते आदल्या दिवशी जामनगरच्या मरीन पार्कच्या ऑफिसात विचारून घ्या, पाणी कोणासाठी थांबत नाही. गेट उशिरा उघडणार असेल तर रीफ थोडा कमी बघा, चढत्या पाण्याचे दोन तास मात्र सोडू नका.